साठीनंतरचा व्यायामवर्ग: एक शिफारस
कोथरूडमध्ये आमच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या या व्यायामवर्गाची मी मनापासून शिफारस करतो, कारण येथे नुसते हातपाय हलवून घेतले जात नाहीत, तर वयाबरोबर क्षीण होणारे स्नायू आणि ढळणारा तोल यांकडे बारकाईने लक्ष दिले जाते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याचा साधा व्यायाम घेतानाही शिक्षिका प्रत्येकाचे गुडघे व पाठ पाहतात आणि धाप लागलेल्याला आधी बसवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवले असून येथील वेळापत्रक त्याला धरूनच आहे. फरशी मात्र फार गुळगुळीत आहे. तेथे रबरी चटया तातडीने अंथरायला हव्यात.