मेंढ्याच्या शिकारीला सोडणारी विमानसेवा: पायलट नंबर एक, बिलाचं मात्र बघा

अलास्कातल्या रँगल पर्वतात डॉल मेंढ्याच्या (पांढरा जंगली मेंढा) शिकारीला जायचं तर रस्ता नाही. एक तर पाठीवर सामान घेऊन नद्या ओलांडत चाला, नाहीतर सुपर कब या छोट्या दोन सीटच्या विमानाचा पायलट गाठा. आम्ही दुसरं केलं. अँकरेजहून गाडीने तीन-चार तासांवर ग्लेनॅलन, त्या भागातली ही सेवा. नाव लिहीत नाही, कारण पुढे पैशांबद्दल बोलायचंय.

शिकार म्हटल्यावर नाक मुरडणारे असतीलच. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे, इथला कायदा वेगळा. हंगाम १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर, आणि एडक्याच्या शिंगाचा पूर्ण वेढा झालेला हवा, किंवा वय किमान आठ वर्षं, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली. आणि पुण्याच्या मावसभावाने "मला ने की" म्हणू नये. परदेशी नागरिकाला इथे परवानाधारक गाइड लागतोच, भाऊ असून भागत नाही.

आता विमान. पायलटच्या मागे एकच सीट. आधी काट्यावर सामान, मग आपण स्वतः, बुटांसकट. माझी भाजणीची पिशवी आणि चिक्की त्याने दोनदा उचलून बघितली आणि म्हणाला, यातलं एक ठेव. भाजणी राहिली. अस्वलासाठीचा स्प्रे आत घेतला नाही, पंखाच्या दांड्याला बाहेर बांधला. केबिनमध्ये फुटला तर पायलटच आंधळा. स्टोव्हचे गॅस कॅन प्रवासी विमानात नेता येत नाहीत, ते यांच्याकडे विकत मिळतात. अँकरेजबाहेरून येणाऱ्यांची मोठी सोय. फुगीर टायरवर नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरलो तेव्हा ब्रेकपेक्षा माझे दातच जास्त आवळले होते.

उडण्याआधी माझ्या जोडीदाराने विचारलं, वरच्या कड्यावर एक चक्कर मारतोस का, कळप कुठे आहे ते दिसेल. पायलट सरळ "नाही" म्हणाला. हंगामात विमान फक्त माणसं, तळाचं सामान आणि मांस ने-आण करायला. वरून मेंढ्या शोधायच्या नाहीत. शिवाय उडून आलात त्या दिवशी शिकार बंद, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. जास्तीचे पैसे घेऊन चक्कर मारणारेही असतात म्हणे. मला हा नकार फार आवडला. इथल्या रँगल-सेंट इलायस राष्ट्रीय उद्यानात पार्क वेगळं, आणि शिकारीला मोकळं असलेलं प्रिझर्व्ह वेगळं. आम्हा अँकरेजवाल्यांना पार्कात शिकार करता येत नाही. पायलटने आमच्या नकाशावर ती हद्द पेनाने गिरवून दिली.

वर काय झालं ते थोडक्यात. पहिला एडका दुर्बिणीतून देखणा दिसला, पण शिंगाचं टोक वेढा पुरा करत नव्हतं आणि शिंगावरच्या वयाच्या वळ्या मोजल्या तर सातच. सोडला. दुसरा जोडीदाराने टिपला. इथे शिंगं घेऊन मांस टाकून येणं गुन्हा आहे, त्यामुळे मांस आधी खाली आणलं, शिंगं शेवटच्या खेपेला.

परतीला ढग बसले. सॅटेलाइट मेसेंजरवर पायलटचा निरोप, "आज नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. चिक्की आणि शेवटचा मेतकूट-भात यावर काढले. चिडचिड झाली, पण त्या खिंडीत ढगातून घुसणाऱ्या पायलटच्या विमानात मी बसणार नाही.

तक्रार एकच, पण खणखणीत. फोनवर माणशी भाडं सांगितलं, मांसाची खेप वेगळी धरतात हे नाही सांगितलं. बिलात ती आली, वर इंधनाचा अधिभारही. कार्यालयात विचारलं तर, "सगळ्यांना माहीत असतं." आम्हाला नव्हतं. पैसे दिले, पण सगळ्यात जास्त खर्चाची बाब ग्राहकाने तर्काने ओळखायची, हे काही बरोबर नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा यांच्याकडेच बुकिंग करणार आहे, पायलटसाठी. फक्त मांसाच्या खेपेचा दर, थांबून राहिल्यास काय लागेल आणि इंधनाचं काय, हे तिन्ही ईमेलवर लिहून घेतल्याशिवाय अॅडव्हान्स देणार नाही. आणि शिकार झाल्यापासून तीस दिवसांत शिंगं मत्स्य आणि शिकार खात्यात न्या. ते शिंगात भोक पाडून नंबराची धातूची खूण ठोकतात. हे काम विमानवाला करत नाही, तुम्हालाच करायचं आहे.