गॅस संपला नव्हता, कंप्रेसरही गेला नव्हता

गाडीच्या एसीपायी मी दोनदा फसले, आणि दोन्ही वेळा एकाच गॅरेजमध्ये. लिहिताना अजून राग येतो. पण तुमच्यापैकी कुणाची गाडी आज अशाच एखाद्या गॅरेजच्या दारात उभी असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

माझी तक्रार साधी होती. गाडी धावत असली की एसी छान गार, सिग्नलला थांबली की दोन मिनिटांत कोमट वारा. तिथे मी नेमकं हेच सांगितलं. बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर आलं, "ताई, गॅस संपलाय." अर्ध्या तासात गॅस भरून झाला. परतीचा रस्ता मोकळा होता, गार वाटलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकले आणि त्रास आधीपेक्षा वाढलेला.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गॅस दाबणारा कंप्रेसर, त्याची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आतली हवा गार करणारी कूलिंग कॉइल आणि पुन्हा कंप्रेसर, असा तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो. एकदम कमी झाला तर कुठेतरी लीकेज आहे, आणि ते आधी शोधायला हवं. शिवाय गॅस भरायचा तो वजनावर. किती ग्रॅम, ते बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. माझा जुना गॅस काढला नाही, नळ्यांतली हवा पंपाने खेचून व्हॅक्यूम केला नाही, वजनकाटा दिसलाही नाही. भरलेल्यात आणखी भरला.

दुसऱ्या खेपेला त्याच गॅरेजवाल्याने गॅसचा दाब मोजायचे दोन गेज लावले, लाल आणि निळा. लाल गेजचा, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या दाबाचा, काटा चढत ३०० पीएसआयच्या पुढे गेला आणि 'टक्' आवाज होऊन कंप्रेसर बंद पडला. "बघा, ट्रिप होतोय. कंप्रेसर गेला." डोळ्यांनी पाहिलं म्हणून मी विश्वास ठेवला. 'नवीन' कंप्रेसर बसवला. त्याच्या बोल्टच्या कानांवर चंदेरी रंगाखाली पान्याचे जुने ओरखडे होते, ते मला घरी आल्यावर दिसले. जुना मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. आणि सिग्नलला हवा कोमटच!

शेवटी एका वयस्कर मेकॅनिककडे गेले. काकांनी एसी चालू करायला लावला आणि वाकून आधी कंडेन्सरचा फॅन पाहिला. तो फिरतच नव्हता. रेडिएटरचा फॅन वेगळा आणि चालू होता, म्हणून इंजिन तापलं नाही आणि मला कळलं नाही. काकांनी तांब्याभर पाणी कंडेन्सरवर हळूहळू ओतलं. वाफ निघाली, लाल काटा भराभर २०० पर्यंत उतरला आणि आत गार हवा यायला लागली. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फॅनच्या मोटारीवर दोन टिचक्या मारल्या. फॅन अडखळला आणि फिरला. मोटारीच्या आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले होते.

गाडी धावताना समोरचा वारा फॅनचं काम करत होता. थांबली की कंडेन्सरची उष्णता जायला वाट नाही, दाब वाढतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. ते ट्रिप होणं हे संरक्षण होतं. कंप्रेसर खरंच कमजोर असता तर लाल काटा वर चढलाच नसता, निळा, म्हणजे कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या दाबाचा, मात्र वर राहिला असता. म्हणजे माझा कंप्रेसर ठणठणीत होता, आणि तोच काढून नेला.

तुम्हाला कुणी कंप्रेसर गेला म्हणालं, तर दोन्ही काट्यांचे आकडे फोटोत घ्या, फॅन फिरताना दाखवायला सांगा आणि काम सुरू व्हायच्या आधीच जुना पार्ट परत हवा म्हणून बजावा. फॅनच्या मोटारीचा खर्च कंप्रेसरच्या मानाने किरकोळ निघाला. ती जुनी मोटार घेऊन मी पहिल्या गॅरेजमध्ये गेले, पण पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर नुसतं 'एसी काम' लिहिलंय. पार्ट नंबर नाही, गॅसचं वजन नाही, वॉरंटीचा उल्लेख नाही.