रिको जीआर ३: चार वर्षे रोज खिशात बाळगल्यानंतर

रिको जीआर ३ हा कॅमेरा मी गेली चार वर्षे जवळजवळ रोज खिशात बाळगते आहे आणि त्याच्याविषयी लिहायला इतका उशीर मी जाणूनबुजून केला. प्रवासात आणि रोजच्या येण्याजाण्यात दिसणाऱ्या गोष्टी टिपण्यासाठी घेतलेला कोणताही कॅमेरा पहिल्या महिन्यात नवलाईमुळे आवडतोच. नवलाई ओसरल्यावर, एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी थकून घरी परतताना तो हातात येतो की कपाटातच राहतो, यावर त्याची खरी पारख होते. हा कॅमेरा माझ्या हातात येत राहिला. त्याचे श्रेय मी चित्राच्या दर्जाला थोडे कमी आणि त्यातल्या एका साध्या सोयीला बरेच जास्त देईन, म्हणून या परीक्षणात त्या सोयीविषयी मी सविस्तर लिहिणार आहे.

त्याआधी माझ्याकडे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा होता आणि त्यातून निघणारी चित्रे उत्तमच होती. मात्र तो सदैव बॅगेत असे. एकदा पावसात बसने जाताना पुढच्या सीटवरचे मूल वाफ धरलेल्या काचेवर बोट फिरवत होते. बोट जिथून गेले तेवढीच काच स्वच्छ झाली आणि त्या बोटभर पट्टीतून बाहेरचा लाल सिग्नल दिसू लागला. मी मांडीवरच्या बॅगेची चेन उघडली, कॅमेरा काढला, लेन्सचे झाकण काढून तो डोळ्याला लावला, तोवर सिग्नल हिरवा झाला होता आणि मुलाने तळहाताने सगळी काच पुसून टाकली होती. रोजच्या आयुष्यातली बहुतेक दृश्ये एवढाच वेळ देतात. त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याचे वजन आणि तो हातात यायला लागणारा वेळ या दोन गोष्टी सर्वांत आधी पाहू लागले.

जीआर ३ हा २०१९ मध्ये बाजारात आला. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन २५७ ग्रॅम आहे, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या फोनपेक्षा ते फार जास्त नाही. लांबी ११ सेंटीमीटरांपेक्षा किंचित कमी आणि जाडी ३ सेंटीमीटरांहून थोडी अधिक असल्यामुळे तो जाकिटाच्या किंवा सैल पँटच्या खिशात बसतो. लेन्स आत जाते आणि तिच्यावर पाकळ्यांसारखे झाकण आपोआप मिटते, त्यामुळे वेगळे झाकण सांभाळावे लागत नाही. बटण दाबल्यापासून तयार व्हायला त्याला सुमारे ०.८ सेकंद लागतो. उजव्या हाताची पकड इतकी नीट घडवलेली आहे की अंगठा आणि तर्जनी यांच्या आवाक्यात जवळपास सगळी बटणे येतात, आणि दुसऱ्या हातात छत्री किंवा पिशवी असली तरी काम अडत नाही. या छोट्या गोष्टी कोणत्याही तक्त्यात उठून दिसत नाहीत, पण चालत्या माणसाला त्यांचेच महत्त्व अधिक असते.

लेन्स एकच आहे, ती बदलता येत नाही आणि तिला झूम नाही. तिची नाभीय लांबी (फोकल लेंग्थ) १८.३ मिमी आहे आणि फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने ती २८ मिमीचा दृष्टिकोन देते, म्हणजे चौकटीत बरीच रुंद जागा मावते. तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, जास्तीत जास्त एफ २.८ इतके उघडते; एफचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान. १९९६ मध्ये आलेल्या जीआर १ या फिल्म कॅमेऱ्यातही २८ मिमी आणि एफ २.८ हीच जोडी होती. २००५ च्या जीआर डिजिटलमध्ये आणि २०१३ पासूनच्या एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान पण फोनहून बऱ्याच मोठ्या, सेन्सरच्या जीआरमध्येही तोच दृष्टिकोन टिकला. दाइदो मोरियामा यांच्यासारख्या रस्त्यावर भटकून काम करणाऱ्या छायाचित्रकाराने या मालिकेतले कॅमेरे वर्षानुवर्षे वापरले, ते मला अगदी स्वाभाविक वाटते. २८ मिमीमध्ये माणूस आणि त्याच्या भोवतालची जागा ही दोन्ही एका चौकटीत येतात. मात्र त्यासाठी जवळ जावे लागते. दूर उभे राहून काढलेल्या फोटोत अर्धी चौकट रिकाम्या रस्त्याची निघते. पहिले सहा महिने माझे बहुतेक फोटो असेच पोकळ आले. मग हळूहळू पायांना सवय झाली आणि कॅमेरा वर करण्याआधीच चौकटीच्या कडा कुठे पडतील याचा अंदाज येऊ लागला. एकाच लेन्सवर राहण्याचा हा लाभ मी फार मोठा मानते.

आता त्या सोयीविषयी. तिला स्नॅप फोकस म्हणतात. शटरचे बटण अर्धे दाबले की कॅमेरा नेहमीप्रमाणे फोकस शोधतो. परंतु तेच बटण एकदम पूर्ण दाबले, तर तो शोध घेण्यात वेळ न घालवता, आपण आधी ठरवून दिलेल्या अंतरावर फोकस धरून त्याच क्षणी फोटो घेतो. हे अंतर १ मीटर, १.५ मीटर, २ मीटर, २.५ मीटर असे निवडता येते. यामागचे गणित जुनेच आहे. लेन्सची नाभीय लांबी जितकी कमी आणि अ‍ॅपर्चर जितके लहान, तितकी चित्रात स्पष्ट दिसणारी पट्टी खोल होते. या लेन्सवर एफ ८ आणि २.५ मीटर असे ठरवले, तर साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते. एफ ५.६ आणि २ मीटर ठेवले, तर ती पट्टी साधारण सव्वा मीटर ते सहा मीटर इतकी होते, आणि चालत्या गर्दीतल्या बहुतेक प्रसंगांना तेवढी पुरते. म्हणजे फोकसचा निर्णय आपण घराबाहेर पडतानाच घेऊन टाकलेला असतो आणि समोर काही घडले की केवळ पाहायचे आणि दाबायचे एवढेच उरते.

याचा परिणाम वेगापुरताच राहत नाही. दोन मीटर म्हणजे नेमके किती, हे शरीराला कळू लागते. मी सुरुवातीला घरात जमिनीवर टेप लावून उभी राहत असे आणि दाराची चौकट त्या अंतरावरून किती मोठी दिसते ते पाहत असे. पुढे फुटपाथवरच्या फरशा मोजण्याची सवय लागली. एका सकाळी रस्त्याच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात विजेच्या तारांचे प्रतिबिंब पडले होते आणि त्या तारांवर एकामागोमाग एक चार पक्षी बसले होते. तेवढ्यात एक सायकल त्या पाण्यातून गेली. तारा तुटल्यासारख्या विस्कटल्या, पक्ष्यांचे काळे ठिपके लाटेवर वरखाली झाले आणि पुढच्या चाकाची वर्तुळाकार कड नेमकी त्यांच्या मधोमध आली. तो फोटो मिळाला तो कॅमेऱ्याने काहीही शोधले नाही म्हणून. पाण्यात फोकस शोधू दिला असता, तर पाण्याच्या पृष्ठभागावर थांबायचे की प्रतिबिंबातल्या तारांवर, याचा निर्णय लागेपर्यंत सायकल निघून गेली असती.

माझी मांडणी अशी आहे की मोड डायलवरच्या यू १ या जागेवर मी एफ ८, २.५ मीटर, शटरचा किमान वेग १/५०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) आपोआप असे साठवून ठेवले आहे, आणि ही जागा उघड्यावर दिवसा वापरते. यू २ वर एफ ४, १.५ मीटर आणि १/१२५ असे आहे. ते जिन्यात, गाडीच्या डब्यात आणि घरात उपयोगी पडते. यू ३ जवळून पाहण्यासाठी राखून ठेवले आहे.

त्या जवळून पाहण्याचे एक उदाहरण देते. एका संध्याकाळी आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. तिने दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, दोन बोटांत पिळले, आणि सुई उजेडाकडे धरून एक डोळा बारीक केला. मी तिच्या अगदी शेजारी बसले. एफ २.८ ला तीस सेंटीमीटरांवर स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटीमीटरांची असते, त्यामुळे बोटांची टोके, सुईचे नेढे आणि दोऱ्याचे सुटलेले तंतू रेखीव आले आणि तिचा चेहरा मागे मऊ राहिला. मॅक्रो चालू केले तर हा कॅमेरा लेन्सपासून ६ ते १२ सेंटीमीटरांवरच्या वस्तूही टिपतो. त्या खोलीत उजेड कमी होता, पण सेन्सर तीन अक्षांवर हलून हाताचा कंप सावरतो आणि निर्मात्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून चार स्टॉपपर्यंतचा लाभ होतो (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा). हात स्थिर ठेवला की १/८ सेकंदालाही स्थिर वस्तूंचे फोटो स्वच्छ येतात. हलणाऱ्या माणसाला मात्र ही सोय थांबवू शकत नाही. शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज जवळपास होत नाही, आणि आईने मान वर केली ती दोरा ओवून झाल्यावरच.

चित्राच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगते. सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे २३.५ × १५.६ मिमीचा आणि सुमारे २४ मेगापिक्सेलचा आहे. फोनमधल्या सेन्सरच्या तुलनेत त्याचे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी मोठे असल्यामुळे सावल्यांमधला तपशील आणि रंगांमधली उतरंड टिकून राहते. लेन्स कडांपर्यंत रेखीव चित्र देते. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती, डीएनजी या खुल्या प्रकारात मिळते. कॅमेऱ्यातलेच पॉझिटिव्ह फिल्म हे रंगरूप मला ऊन-सावलीच्या दृश्यांसाठी इतके आवडते की निम्मे फोटो मी नंतर हातही न लावता ठेवून देते. चित्राचा मधलाच भाग ठेवणारा ३५ आणि ५० मिमीचा क्रॉपही आहे, पण त्यात अनुक्रमे साधारण १५ आणि ७ मेगापिक्सेल उरतात.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. सीआयपीए या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या मापनाप्रमाणे बॅटरी सुमारे २०० फोटो पुरते, म्हणजे प्रवासात एक तरी जास्तीची बॅटरी सोबत हवीच. यूएसबी-सी वरून चार्ज करता येते, हा दिलासा आहे. व्ह्यूफाइंडर नाही आणि पडदा हलत नाही, त्यामुळे भर उन्हात तो पाहणे अवघड जाते, आणि कंबरेच्या उंचीवरून फोटो काढताना अंदाजावरच विसंबावे लागते. जीआर २ मध्ये असलेला अंगचा फ्लॅश इथे नाही. पाणी आणि धूळ अडवणारे सीलही नाही. लेन्स आतबाहेर होते आणि ती काढता येत नसल्यामुळे आत गेलेला कण घरच्या घरी पुसता येत नाही. समुद्रकिनारी किंवा वाऱ्याच्या दिवशी तो उघड्यावर चालू ठेवू नये, आणि खिशात ठेवण्याआधी खिसा उलटा करून झटकून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. व्हिडिओसाठी हा कॅमेरा घेऊ नये.

लहान आणि बिनआवाजाचा कॅमेरा हाती आला की अनोळखी माणसांच्या नकळत फोटो काढण्याचा मोह वाढतो, आणि परीक्षणात त्याचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटत नाही. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत समोरचा माणूस ओळखू येतो. मी फोटो काढल्यावर नजर चुकवत नाही, मान हलवून हसते, कुणी विचारले तर पडद्यावर दाखवते आणि नको म्हटले तर तिथेच पुसून टाकते. दुःखात किंवा आजारपणात असलेल्या माणसाकडे मी कॅमेरा वळवत नाही. इतक्या वर्षांत फोटो पुसण्याची वेळ मोजक्या वेळाच आली, आणि दाखवल्यावर आणखी एक काढा म्हणणारे त्याहून बरेच जास्त भेटले.

घेण्याचा विचार असेल तर २०२१ मध्ये आलेला जीआर ३ एक्स हा भाऊही पाहावा. त्याची लेन्स ४० मिमीच्या तोडीची आहे. चेहरे त्यात अधिक नैसर्गिक दिसतात, कारण २८ मिमीने फार जवळून काढलेल्या चेहऱ्याचे नाक मोठे येते. पण नाभीय लांबी वाढल्यामुळे स्पष्टतेची पट्टी उथळ होते आणि स्नॅप फोकसमध्ये चुकीला तेवढी मुभा राहत नाही. २०२५ मध्ये आलेल्या जीआर ४ ने २८ मिमीच ठेवली आहे. २८ आणि ४० मिमी यांपैकी आपला दृष्टिकोन कोणता, हे पैसे न खर्चताही कळते: फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीची असते. दोन आठवडे झूमला हात न लावता तिनेच फोटो काढावेत. चित्र भरण्यासाठी पाय आपोआप पुढे पडू लागले तर जीआर ३ घ्यावा. प्रत्येक वेळी बोटे झूमकडेच जात राहिली तर ३ एक्स.