कागद सुटा देणारे दुकान

नाशिकच्या मेन रोडलगतच्या एका गल्लीतील हे कलासाहित्याचे दुकान जेमतेम दोन गिऱ्हाइके उभी राहतील एवढेच आहे, तरी जलरंगात काम करणाऱ्याने ते चुकवू नये. येथे पूर्ण सुती, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद सुटा मिळतो. मालक तो उजेडात तिरपा धरून पोत दाखवतात आणि मगच हव्या त्या मापात कापून देतात. गोदाघाटावर बसून चित्र काढणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. नारोशंकराच्या देवळाचा काळा दगड पावसात निळसर आणि उतरत्या उन्हात तपकिरी भासतो. ती छटा थरावर थर देत पकडू गेल्यास लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर खालचा रंग उखडतो, तर सुती कागद पाणी धरून ठेवतो आणि रंग सावकाश मुरू देतो. तरीही डोळ्यांना दिसलेले आणि कागदावर उतरलेले यांतील अंतर मिटत नाहीच, आणि माझ्या मते चित्रकार पुन्हा पुन्हा घाटावर येऊन बसतो तो त्या अंतरापायीच. प्रदर्शन, विक्री, कौतुक हे सारे नंतरचे (विक्रीतून कागदाचा खर्च निघाला तरी पुष्कळ). रंग घेताना मात्र ट्यूबवरील टिकाऊपणाची खूण स्वतः वाचावी, कारण अस्सल अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग उजेडात फिका पडतो आणि येथे ते कोणी आपणहून सांगत नाही. कुंचल्यांचा साठा तोकडा आहे. गाडी लावायला जागा नसल्याने रविवार कारंजापासून चालत जाणेच सोयीचे.