झेनचा गिअर लिव्हर घरी आखूड केला: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या 2001 सालच्या मारुती झेनचा गिअर लिव्हर मी मार्च महिन्यात घरीच कापायला घेतला, तो शेवटी 50 मिलिमीटरने आखूड झाला, आणि तेव्हापासून ती गाडी इंदूरच्या रस्त्यांवर जवळजवळ रोज चालवतो आहे. गिअर आता झटपट पडतात का, असे ओळखीचे लोक विचारतात. हाताचा प्रवास निश्चितच कमी झाला, पण गिअरबॉक्स पूर्वीच्याच गतीने काम करतो, आणि पहिले काही महिने ज्या सुधारणेची मी वाट पाहत होतो ती शेवटी मिळाली ती करवतीमुळे नव्हे, तर दांड्याच्या जोडांतले बुश, म्हणजे नायलॉन-रबराची अस्तरे, बदलल्यामुळे.

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ आहे. मधला बॉल हा टेकू, वर आपला हात आणि खाली गिअरबॉक्सकडे जाणारी दांडी. आमच्या गाडीत बॉलपासून नॉबच्या, म्हणजे वरच्या मुठीच्या, मध्यापर्यंतचे अंतर 320 मिलिमीटर भरले. ते 270 केल्यावर नॉबचा प्रवास सुमारे 16 टक्क्यांनी घटला. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हात पूर्वी 130 मिलिमीटर सरकत असे, तो आता 110 सरकतो. मात्र त्याच हिशेबाने लागणारा जोर सुमारे 18.5 टक्क्यांनी वाढला, कारण खालची बाजू आहे तेवढीच राहिली. बाजारात जे तयार ‘शॉर्ट शिफ्टर’ मिळतात, त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत टेकूखालची भुजा लांब केलेली असते, त्यामुळे दांड्याची उंची फारशी न बदलताही प्रवास कमी होतो. जोर मात्र तिथेही वाढतोच. जोर न वाढवता प्रवास कमी करण्याची युक्ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

मूळ दांड्याला हात लावायचा नाही, हे मी आधीच ठरवले होते. जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानातून त्याच मॉडेलचा वापरलेला दांडा आणला आणि सगळे प्रयोग त्याच्यावर केले. हा प्रयोग करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सल्ला देईन, कारण कापलेले लोखंड पुन्हा वाढत नाही आणि घरात ती गाडी चालवणारे आपण एकटेच नसतो. हॅकसॉचे इंचाला 24 दात्यांचे पाते, आटे पाडायची डाय, डायचे हँडल आणि दोन आट्यांमधले अंतर (पिच) मोजायचा पिच गेज एवढे सामान सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत एका फेरीत मिळाले. पिच गेजवर पैसे वाचवू नयेत. नॉबचे आटे गाडीगणिक 8, 10 किंवा 12 मिलिमीटरचे असतात, आणि 10 मिलिमीटरच्या पेचातच 1, 1.25 आणि 1.5 असे तीन पिच चलनात आहेत. डोळ्यांनी पाहून आणलेली डाय नॉबच्या आतले आटे खाऊन टाकते.

कापायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत. मला 30 मिलिमीटरच कमी करायचे होते आणि तेवढेच कापलेही. खरी अडचण त्यानंतर आली. दांडा खाली जाड होत जातो, म्हणून डाय चढण्याआधी त्याचे टोक कानशीने बारीक करावे लागते. 10 मिलिमीटरच्या आट्यांसाठी ते 9.8 ते 9.9 मिलिमीटरपर्यंत आणि मुख्य म्हणजे सगळीकडून सारखे गोल असावे लागते. हाताने कानस मारून ते सारखे गोल ठेवणे मला जमले नाही. डाय किंचित तिरकी चढली, तेल घालून ती अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे अशी शिस्तीने फिरवूनही ती तिरकीच उतरत गेली, आणि शेवटी नॉब बसवला तेव्हा तो प्रवाशाच्या बाजूला मान कलती करून उभा राहिला. बाबांनी तो पाहून एवढेच विचारले, “हा असाच राहणार आहे का रे?”

मग सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान लेथच्या कारखान्यात गेलो. कारागिराने दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि तिरक्या आट्यांचे 20 मिलिमीटर काढून टाकल्याशिवाय सरळ पेच होणार नाही, असे स्पष्ट सांगितले. पंधरा मिनिटांत त्याने टोक सपाट केले, गोलाई आणली, आटे पाडले आणि कडेला उतार देऊन नॉब सहज चढेल अशी व्यवस्था केली. त्या कामात नाव ठेवायला जागा नाही. घेतलेले पैसेही माझ्या डाय आणि हँडलच्या किमतीपेक्षा कमी होते, हे मात्र मनाला लागले. अशा रीतीने 30 मिलिमीटरचा बेत 50 मिलिमीटरवर गेला.

हे वीस मिलिमीटर वापरताना रोज जाणवतात. झेनचा दांडा जमिनीतून वर येतो, त्यामुळे तो आखूड झाला की नॉब मांडीच्या खालच्या पातळीला जातो आणि प्रत्येक गिअरला खांदा किंचित झुकवावा लागतो. राजवाडा ते जवाहर मार्ग या टप्प्यात संध्याकाळी पहिला आणि दुसरा गिअर इतक्या वेळा बदलावा लागतो की वाढलेला जोर मनगटाला कळतो. याउलट खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना, आखूड दांडा खरोखर आनंद देतो. हात जवळ असतो, हालचाल ठाम होते आणि वळण संपण्याआधी गिअर पडलेला असतो.

परंतु गिअर पडायला लागणारा वेळ फक्त हाताचा नसतो. आतल्या पितळी सिंक्रो रिंगला दोन वेगवेगळ्या गतींचे भाग एका गतीवर आणायचे असतात, आणि त्यासाठी लागणारा क्षण दांडा कापून कमी होत नाही. सुरुवातीच्या उत्साहात मी दांडा ढकलून तो क्षण गाळण्याचा प्रयत्न करत होतो; दुसऱ्या गिअरने खर्रकन आवाज करून मला त्याची समज दिली. जोर लावून रिंग झिजवण्यापेक्षा गिअरच्या तोंडाशी हलका दाब देऊन थांबणे आखूड दांड्यालाही लागतेच.

जून महिन्यात गाडी जॅकवर चढवून मी बॉलखालची नायलॉनची वाटी, जोडदांडीचा बुश आणि आधाराच्या दांडीचा रबर बदलला. त्याआधी न्यूट्रलमध्येही नॉब दोन बोटे इकडे-तिकडे हलत असे, तो आता जेमतेम हलतो. त्यानंतर तुलनेसाठी एक आठवडा मूळ, न कापलेला दांडा पुन्हा बसवून पाहिला. नवे बुश आणि लांब दांडा ही जोडी जुने बुश आणि आखूड दांडा या जोडीपेक्षा सर्वच बाबतींत सरस निघाली. तिसरा गिअर न शोधता सापडू लागला, आणि मार्चमध्ये मी लांबीला ज्या सैलपणाचा दोष देत होतो तो झिजलेल्या नायलॉनचा होता. बुशांचा खर्च वापरलेल्या दांड्याइतकाच आला, श्रम मात्र निम्मे.

ज्या गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखालची कडी वर ओढावी लागते, किंवा दांड्यावर रबर घालून दुसरी नळी बसवलेली असते, त्यांनी करवत हातात घेऊच नये. तिथे कडीची तार आणि रबर दोन्ही वाया जातात आणि नंतर खडखड सुरू होते. मधोमध वाकवलेल्या दांड्याचा नॉब कापल्यावर पुढे-मागेही सरकतो, हे कापण्याआधी कागदावर आखून पाहावे. गाडीवर चढलेल्या दांड्याला वेल्डिंग लावणे तर नकोच, कारण उष्णता थेट खालच्या प्लॅस्टिकच्या वाटीपर्यंत जाते.

घरच्या कामाला मी पाचपैकी अडीच गुण देतो, लेथच्या कामाला साडेचार आणि बुशांना पूर्ण पाच. मूळ दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला आहे, कारण बाबांना तोच हवा असतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. मी मात्र दिवाळीनंतर आणखी एक वापरलेला दांडा आणून तो बरोबर 30 मिलिमीटरने कापणार आहे, आणि या वेळी कानशीला हात न लावता तो सरळ सांवेर रोडला नेणार आहे.