प्राइम९५: वेगासाठी नाही, चूक पकडण्यासाठी घ्यावं

मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या) शोधणाऱ्या 'गिम्प्स' प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर १९९६ पासून चालू आहे. लिनक्सवर याचंच नाव एमप्राइम. फुकट आहे, विजेचं बिल मात्र आपलं. रूपडं जुनाट आहे, तिकडे दुर्लक्ष करावं.

तपासायच्या संख्येचे लहान भाजक ते आधी शोधतं; भाजक सापडला की ती मूळ नाही. घातांक विषम मूळ असेल, तर मर्सेन संख्येचा प्रत्येक भाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ घ्या: २२ + १ आणि ८८ + १; बाकी ७ आणि १. त्यामुळे बहुतेक उमेदवार भागाकाराआधीच गळतात. मग पी-१ ही मोठे भाजक शोधायची पद्धत येते. तिच्या दुसऱ्या टप्प्याला भरपूर रॅम लागते आणि मुळातली मर्यादा तोकडी आहे, म्हणून 'रिसोर्स लिमिट्स'मध्ये ती वाढवा.

खरा वेळ जातो मुख्य चाचणीत, म्हणजे संख्या मूळ असण्याची शक्यता तपासणाऱ्या पीआरपी चाचणीत. ३ पासून सुरुवात करून घातांकाइतक्या वेळा वर्ग करायचे, दर वेळी मर्सेन संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची. घातांक १२ कोटी आणि एका वर्गाला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर अखंड चालवून साधारण सात दिवस. वर्ग एफएफटीने (प्रचंड संख्यांचा झटपट गुणाकार करायची पद्धत), अपूर्णांकी आकड्यांत होतात आणि शेवटी पूर्णांकाला आणले जातात. त्यात एक बिट जरी चुकला तरी पुढचं सगळं वाया. जुनी लुकास-लेमर चाचणी अशा कित्येक चुका गुपचूप गिळायची. पीआरपी चाचणीत गर्बिझ तपासणी ही चूक पकडायची सोय आहे: गणित जुळलं नाही की मागच्या खात्रीच्या टप्प्यावर परत. वेगात पडणारा फरक नगण्य. सॉफ्टवेअर घ्यावं ते यासाठी. चुकांचे संदेश वारंवार येत असतील तर दोष बहुधा रॅमचा किंवा उष्णतेचा; ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा वाढवलेला वेग) काढा, आधी टॉर्चर टेस्ट (सॉफ्टवेअरमधलीच यंत्राची कसोटी) चालवा.

चाचणी नीट झाल्याच्या पुराव्याच्या फाइलसाठी डिस्कवर जागा ठेवा. १२ कोटींच्या घातांकाचा एक अवशेष (मधल्या टप्प्यावरची बाकी) १५ एमबीचा, पुराव्याची 'पॉवर' ८ ठेवली तर असे २^८ = २५६, म्हणजे जवळपास ४ जीबी. त्या बदल्यात दुसऱ्या कुणाला अख्खी चाचणी पुन्हा करावी लागत नाही.

आठ कोअर आहेत म्हणून आठ वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या चाचण्या) लावू नका. सगळे रॅमच्या रांगेत अडकतात. एकाच वर्करला सगळे कोअर दिलेले बरे.

मोठी उणीव एकच: ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही. २०२४ मध्ये सापडलेली २^१३,६२,७९,८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या ग्राफिक्स कार्डांवरच हाती लागली. तसं कार्ड घरात असेल तर जीपीयू-आउल हे ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर घ्या, प्राइम९५ फक्त सीपीयूसाठी ठेवा.