लातूरचा ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) सराव-वर्ग: चाचण्या चोख, शंकानिरसन तोकडं

सगळं लातूर पॅटर्नला धरून: रोज घटक चाचणी, रविवारी पूर्ण पेपर, 180 प्रश्न, 180 मिनिटं. उत्तरतालिका त्याच संध्याकाळी मिळते, ही मोठी जमेची बाजू. प्रतिसाद लगेच मिळाला तर वर्तन पक्कं होतं, हे वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरचं सूत्र इथे बऱ्यापैकी पाळलंय. उजळणी दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. स्मरणशक्तीचा अभ्यासक एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवलं होतं, पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सर्वाधिक गळतं.

घोळ भौतिकशास्त्रात आहे. ‘घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध’ हे घोकलेल्या मुलाला, चालताना तळपायावर ते पुढच्या दिशेने लागतं, हे फळ्यावरून उतरवून पटत नाही. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या भाषेत मनातली जुनी चौकट मोडतच नाही. आकडे बदलले की तीच चूक, वर उणे एक गुण. आधी त्याच्याकडून अंदाज वदवून घ्यावा, तळपाय कुठे घसरला असता ते विचारावं, मग बलाची आकृती काढायला लावावी. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर आणि सहकारी म्हणतात तो आधार (स्कॅफोल्डिंग) हाच. शंभराच्या बॅचमध्ये तो कोण देणार? (एसी मात्र जोरात!) जीवशास्त्रासाठी खुशाल घ्या, भौतिकशास्त्राला दहा-बारा जणांची वेगळी शिकवणी बघा.